सरांची उसण

माझा जन्म पायांकडून झाला. डोक्याआधी पाय बाहेर आले, आणि त्या एवढ्याशा गोष्टीमुळे मी पुढे कितीतरी लोकांच्या पाठींवर पाय ठेवला. आमच्याकडे अशा मुलाला पायाळू म्हणतात. कुणाच्या कमरेत उसण भरली, वाकता येईना, की पायाळू माणसाने त्याच्या पाठीला पाय लावायचा, उसण निघते म्हणतात. गावी त्याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं, कारण आमच्या वाडीत आणखीही पायाळू होते. मुंबईत, मालाड पूर्वेच्या आमच्या चाळीत मात्र मी एकटीच होते, आणि मी पोचायच्या आधीच मावशीने ती बातमी दोन्ही मजल्यांवर पोचवली होती.

आठवी झाली आणि शाळा सुटली. वडील गेले होते, घरात खाणारी तोंडं जास्त होती, एवढं सांगितलं तरी पुरे. गणपतीला गावी आलेली मावशी निघताना आईला म्हणाली, "ह्या चेडवाक मी घेऊन जातंय," आणि मी नारळ-तांदळाच्या पिशव्यांमध्ये बसून मुंबईला आले. मावशीची एक खोली, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी आणि मोरीच्या कट्ट्यावर पाण्याचं पिंप. पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हा आधी नळ खोकायचा, मग चाळीतली सगळी पिंपं एकदम बोलायला लागायची. मावशी पोळी-भाजी केंद्रात उभ्याने पोळ्या लाटायची आणि घरी आली की पुन्हा पोळपाट घेऊन बसायची नाही, म्हणून आमच्याकडे सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत सुकटीची चटणी, आणि रात्री भात. काका, म्हणजे तिचे यजमान, गिरणी बंद पडल्यावर आरे कॉलनीतल्या एका गोठ्यावर कामाला लागले होते. ते बोलायचे कमी. त्यांच्या कपड्यांना दुधाचा आणि शेणाचा मिळून एक वास यायचा, तो अजूनही कुठे आला तर मला आपण सुरक्षित आहोत असं वाटतं.

पण तेव्हा तसं वाटत नव्हतं. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या मुलीचे कान फार तिखट होतात. मावशीने भांडं जरा जोरात ठेवलं की मला वाटायचं, ते माझ्यासाठी. ती आणि काका हळू आवाजात बोलले की मी झोपेचं सोंग घेऊन श्वास अडवून ऐकायची. पेज मी मुद्दाम पातळ वाढून घ्यायची. मावशी म्हणायची, "अगो, जेव नीट, धावतंस ना?" आणि मी त्या वाक्यातसुद्धा टोमणा आहे का ते शोधत बसायची. उपकार तर डोक्यावर इतके होते की मान वर करून तिच्याकडे सरळ बघायचीही भीती वाटायची.

धावण्याचं असं झालं की काकांचा डबा रोज मला आरेत पोचवावा लागे. जंगलातून जाणारी बस तिच्या मर्जीने यायची. एकदा ती आलीच नाही, डब्याला उशीर झाला, आणि मी चपला हातात घेऊन रस्त्याने सुटले. गोठ्याशी पोचले तेव्हा आमटी माझ्या फ्रॉकवर आणि डबा अर्धा रिकामा. तिथे रस्त्याकडेला एक टकले गृहस्थ गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते. ते म्हात्रे सर. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक, सकाळी आरेच्या रस्त्यावर मुलींना पळवायचे. मला म्हणाले, "डबा घेऊन एवढी धावतेस, तर डबा ठेवून किती धावशील?" दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जाऊ लागले. पायात काकांच्या पुतण्याचे जुने कॅनव्हासचे बूट, पुढे चिंध्या कोंबलेले.

तिथल्या मुलींत रेखा सगळ्यांत पुढे होती. मालाड पश्चिमेची, कॉलेजात जाणारी, खऱ्या धावायच्या बुटांची. माझं पायाळूपण तिला कुठून तरी कळलं आणि तिने ते सगळ्यांसमोर काढलं. "सर, हिचा पाय लागला की माणूस बरा होतो म्हणे! झकास ना? आपण सगळे रांगेत झोपू या." सर हसले नाहीत. म्हणाले, "पाय धावायला असतात. पाठीवर ठेवायला नसतात. चला, उठा." मला ते तेव्हा लागलं होतं, म्हणून शब्दन् शब्द लक्षात आहे. तो लक्षात राहिला हे पुढे बरंच झालं.

आता मुद्द्यावर येते. आरेच्या अलीकडे औषधांची एक कंपनी होती. तिचा मुलींचा धावण्याचा संघ होता, आणि संघात निवडलेल्या मुलीला पॅकिंगमध्ये कायमची नोकरी मिळायची. दहावीची अट नव्हती. निवड थंडीत, एका रविवारी, याच रस्त्यावर व्हायची होती. माझ्यासारख्या आठवी झालेल्या मुलीला याहून मोठं दार दुसरं कुठलं उघडणार होतं? निवड झाली तर मुंबईत राहायचं, नाही झाली तर गावी, कारण आईने एक स्थळ बघून ठेवलं होतं आणि पत्रागणिक मावशीला आठवण करून देत होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी माझ्या त्या तिखट कानांनी ऐकलं होतं.

आणि नेमका तेव्हा पाय दुखायला लागला.

पायाच्या तक्रारी आधीही होत्याच. टाचेमागे फोड आले, ते सुईदोऱ्याने फोडले. अंगठ्याचं नख काळं पडलं आणि एके दिवशी मोज्यातच निघून आलं. मग टाच धरली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की आत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं, चार पावलं चाललं की थांबायचं. मावशीने विटेचा तुकडा तापवून, त्यावर रुईचं पान ठेवून टाच शेकली, दुखणं उतरलं. परवा आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये दोन तरुण मुलं याच दुखण्याचं लांबलचक इंग्रजी नाव घेऊन बोलत होती. एकाच्या पायात असे बूट होते की त्यांचं त्यांनाच पळता यावं. मला मध्येच बोलावंसं वाटलं की बाबांनो, रुईचं पान बघा मिळतंय का. बोलले नाही. लिफ्टमधल्या म्हाताऱ्या बाईचं कोण ऐकतो?

पण हे नवीन दुखणं टाचेचं नव्हतं. उजव्या पायाच्या वरच्या बाजूला, बोटं जिथून फुटतात त्याच्या जरा मागे, एकाच जागी. बोटाच्या टोकाएवढी जागा. धावताना तिथे निखारा ठेवल्यासारखं व्हायचं आणि धावणं थांबलं तरी निखारा विझायचा नाही. वरून थोडी सूज. मी बुटाची नाडी सैल केली आणि कुणाला काही बोलले नाही.

आमच्याकडे रोज कुणी ना कुणी उसणवालं यायचंच. माणूस उंबऱ्याशी चटईवर पालथा झोपायचा. मी मोरीत उजवा पाय धुवायचा, पुसायचा, पाठीवर टेकवून उचलायचा, आणि मग लगेच वाकून त्याच माणसाला नमस्कार करायचा, कारण मोठ्यांना पाय लागला. शेजारच्या परबकाकू तर पालथ्या असतानाच आशीर्वाद देऊन मोकळ्या व्हायच्या. त्या अंगाने भरलेल्या, आणि त्यांची उसण दर दोन-तीन दिवसांनी भरायची. मला संशय यायला लागला की ही सगळी दुखणी जातात कुठे? पाठीतून निघतात हे सगळेच म्हणतात, पण निघून जातात कुठे, ते कुणी सांगत नाही. मला वाटायचं ती माझ्या पायात साठताहेत. परबकाकू उड्या मारत घरी जातात आणि मी त्यांची उसण घेऊन आरेत धावते. तेव्हापासून मी पाय नुसता लावल्यासारखा करून उचलून घ्यायला लागले.

रेखावरही संशय होताच. एकदा चढावर मी मागे पडले तशी ती माझ्यासाठी थांबली. "ए विजू, लंगडतेस का गं?"

"नाही. खडा लागला."

"खडा रोज लागतो का? वाट लागेल हां पायाची. आठवडाभर बस ना घरी, यार."

"निवड पुढच्या रविवारी आहे."

"म्हणून तर सांगतेय."

म्हणून तर! मी मनात म्हटलं, म्हणून तर सांगणारच तू. जिला माझ्या पुढे जायचंय तिने मला घरी बसायला सांगावं, यात न कळण्यासारखं काय होतं? मी तिच्यापुढून मुद्दाम जोरात पळत गेले आणि वळणाआड जाऊन झाडाला धरून उभी राहिले.

पण सगळ्यांत जास्त संशय मला मावशीचा आला, आणि तो उगाच नव्हता. दिवसभर उभी राहून तिची पाठ धरायची. शनिवारी संध्याकाळी ती केंद्रातून आली की पातळाचा पदर खोचून आडवी व्हायची आणि म्हणायची, "ठेव गो पाय." तिच्या पाठीवर मी पाय ठेवायची ते लोकांसारखं लावून उचलायची नाही, चांगली दाबून द्यायची. तेवढीच मला उपकार फेडायची जागा होती. तर त्या दिवसांतल्या एका शनिवारी मी पाय ठेवला आणि मावशी लगेच म्हणाली, "पुरे." उठली आणि माझ्याकडे न बघता तांदूळ निवडायला बसली. पुढच्या शनिवारी तिने मला बोलावलंच नाही. पाठ तर दुखत होती, कमरेवर हात दाबत होती, पण मला म्हणाली नाही. मग सोमवारी सकाळी तिने कामावर न जाता काकांचा डबा उचलला. "आज डबो मी नेतंय. तू घराक बस."

"का? मी नेते ना."

"बस म्हटला तर बस."

ती गेली ती दुपारी परतली. डबा पोचवायला एवढा वेळ लागत नाही. मी समजून गेले. काकांशी घरात बोलता येत नाही म्हणून ही तिकडे जाऊन बोलून आली. माझा पाय आता कामाचा राहिला नाही, ना धावायला ना उसणीला, मुलीला परत पाठवायचं ठरलं. त्या रात्री मी भातही कमी वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी निघायला बूट घालत होते, तोच मावशी म्हणाली, "थांब. माणूस येतलो हा उसणीचो." आणि खरंच दारात माणूस आला. एक हात कमरेवर, एक हात चौकटीवर. म्हात्रे सर.

"काय सांगू वहिनी," ते मावशीला म्हणाले, "बादली उचलायला वाकलो आणि गेली की कंबर." मग माझ्याकडे बघून, "अरेच्चा, पायाळू म्हणजे तूच होय?"

मी बूट हातात धरून उभी. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की सरांना हे माहीत होतं. रेखाने सांगितलं होतं, त्यावर ते काय बोलले तेही माझ्या लक्षात होतं. पाय पाठीवर ठेवायला नसतात म्हणणारा माणूस आमच्या उंबऱ्यावर कसा? पण मावशीने चटई अंथरलेलीच होती. "विजू, पाय धू," ती म्हणाली.

सर पालथे झोपले. त्यांची शिट्टी गळ्यातून निसटून उंबऱ्यावर वाजली. परबकाकू लगेच दारातून डोकावल्या. "अगो बाई, मास्तर पण?"

"काकू, तुमचं दूध उतू जातंय बघा," सर जमिनीकडे तोंड करूनच म्हणाले. काकू गेल्या.

मी पाय पुसला. मास्तरांच्या पाठीला पाय लावायचा म्हणजे नरकातच जागा. लावला आणि उचलला.

"एवढ्याने माझी नाही जायची. नीट ठेव. भार दे."

मी ठेवला.

"अंगठा कुठाय?"

"आहे सर."

"कुठे आहे? मला टाच लागतेय, करंगळीची बाजू लागतेय. मधला पाय अधांतरी आहे तुझा. अंगठा दाब."

"दाबलाय सर."

"विजया, पाठ माझी आहे."

कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात होती, तिची ती धुसफूस तेवढी खोलीत ऐकू येत होती. मी अंगठा दाबला आणि तोंडातून जे ओरडणं निघालं ते खालच्या नळापर्यंत गेलं असणार. सर उठून बसले, माझा पाय त्यांनी मांडीवर घेतला आणि एका बोटाने वरची हाडं चाचपत आले. "इथे? इथे?" मग बोट त्या जागेवर आलं आणि मी त्यांचं मनगट धरलं.

"कधीपासून?"

"काही नाही सर, खडा..."

"खोटा बोला नको," मावशी स्टोव्हजवळून म्हणाली. तिची पाठ माझ्याकडे होती.

सरांनी पाय हलकेच खाली ठेवला. मग म्हणाले, "हाडाला चीर गेलीय. मी पाहिलेत असे पाय. धावत राहिलीस तर चीर नाही राहणार, मोडेल. रविवार विसर."

मी रडले नाही. रडायला येण्याआधी माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. उसण भरलेला माणूस कसा उठतो ते मी इतक्या वेळा पाहिलं होतं. आधी कुशीवर, मग हात टेकून, मग आई आई गं करत. सर जमिनीवर हात न टेकता एका झटक्यात उठले होते. माझ्या पायावर वाकले होते. आणि आता मावशीने साखरेचा डबा न उघडताच चहा करून कप त्यांच्यासमोर ठेवला, त्यांनी एक घोट घेतला आणि मान डोलावली. मावशीकडे साखर न घालता चहा कुणाला दिला जात नाही. सर बिनसाखरेचा पितात. तिने विचारलं नव्हतं.

मी दोघांकडे बघितलं. सर कपात बघत होते, मावशी कुकरकडे. यांचं ठरलंय, मी म्हटलं. माझं दार बंद करायला दोघं मिळून आलेत.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून केसासारखी रेघ दाखवली आणि पाय प्लॅस्टरमध्ये घातला. त्या रविवारी मी खोलीत झोपून होते. काका त्या दिवशी कामावर न जाता घरी थांबले आणि त्यांनी बांगडे स्वतः तळले, जे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी मावशीने पोटमाळ्यावरून माझी पत्र्याची ट्रंक खाली काढली. मी उठून बसले. आईचं पत्र आलं असणार, उद्याच्या गाडीचं ठरलं असणार. मावशीने ट्रंक माझ्या अंथरुणाच्या पायथ्याशी सरकवली, वर गोधडी घातली आणि माझा प्लॅस्टरचा पाय उचलून तिच्यावर ठेवला. "उंच ठेव म्हटल्यान डॉक्टरान. सूज उतरता." बस. ट्रंक कितीतरी दिवस तिथेच होती आणि मी रोज तिच्याकडे संशयाने बघत होते.

रेखाची निवड झाली. ती पेढे घेऊन आली, माझ्या प्लॅस्टरवर पेनने एक बूट काढून गेली. "पुढच्या वर्षी तू, हां. मी आत जाऊन जागा धरते," म्हणाली. मी पेढा वास घेऊन खाल्ला. परबकाकू मधल्या काळात मोठ्या अडचणीत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, डावा पाय चालेल का? मावशी म्हणाली, "चलात. दोनूय पाय एकदमच इले होते." मी भिंतीला धरून प्लॅस्टरच्या पायावर तोल सांभाळत डावा लावला, आणि काकूंची उसण गेली.

पुढच्या थंडीत माझी निवड झाली. पहिली आले नाही, पण घेतलं. रेखाने खरंच जागा धरली होती, आम्ही दोघी एकाच पट्ट्यावर शेजारी उभ्या राहून गोळ्यांच्या बाटल्या खोक्यांत भरायचो. आई ते स्थळ विसरली, किंवा मावशीने विसरायला लावलं. कंपनीतच माझं वय सरलं, त्यातून बोरिवलीच्या या दोन खोल्या झाल्या. सरांना मी एकदा, त्यांचं वय खूप झालं तेव्हा, विचारलं होतं, "सर, तेव्हा खरंच उसण भरली होती?" ते म्हणाले, "तुझ्या पायाने गेली ना? मग?" आता ते नाहीत. काकाही नाहीत. मावशी माझ्याकडे असते.

गेल्या आठवड्यात दुपारी ती अचानक म्हणाली, "पाठ धरल्यान गो. ठेव पाय." कितीतरी वर्षांनी म्हणाली. मी चटई घातली, ती हळूहळू कुशीवरून पालथी झाली. तिची पाठ आता एवढीशी झालीय, मला पाय ठेवायची भीती वाटत होती. मी पाय धुऊन पुसला आणि उभी राहिले. तेव्हा मी विचारलं, "मावशी, सर बिनसाखरेचा चहा पितात हे तुला कसं माहीत होतं?"

"आधी पाय ठेव," ती म्हणाली.

मी भिंतीला हात लावून, अंगाचा भार दुसऱ्या पायावर घेऊन, पाय ठेवला. मावशी डोळे मिटून पडली होती. पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं झोपली.

"आता सगळो टेकता," ती म्हणाली. "त्या येळाक टेकत नाय होतो."

मला तो शनिवार आठवला, आणि ते 'पुरे', आणि दुपारपर्यंत न परतलेली डब्याची पिशवी. मी पाय उचलला आणि वाकून तिला नमस्कार केला. मोठ्यांना पाय लागला की वाकायचं असतं.